हंस उशिरा आले त्या वर्षी: जेम्स बेच्या किनाऱ्यावरच्या एका क्री शाळेतलं हजेरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कॅनडातल्या टोरांटोहून विमानाने टिमिन्सला आणि तिथून लहान विमानाने आणखी उत्तरेला निघालं की खालची झाडं खुजी होत जातात, जमीन दलदलीची होते आणि शेवटी जेम्स बे या उपसागराचा सपाट, चिखलाचा किनारा लागतो. मूस फॅक्टरी, फोर्ट ऑल्बनी, कशेचेवन, अट्टावापिस्कॅट आणि वर हडसन बेच्या बाजूला पीवानक ही या पट्ट्यातली क्री या मूळ रहिवासी लोकांची गावं. कॉक्रेनहून येणारी रेल्वे मूसोनीला संपते. त्यापुढे बारमाही रस्ता नाही. हिवाळ्याचे दोन-तीन महिने गोठलेल्या दलदलीवरून आणि नद्यांवरून बर्फाचा रस्ता तयार करतात, एरवी विमान, आणि उन्हाळ्यात जड सामानासाठी बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोट.

हे प्रकरण या पट्ट्यातल्या एका गावातलं, काही वर्षांपूर्वीचं आहे. मी तेव्हा तिथल्या शाळेत विशेष शिक्षक होतो, म्हणजे ज्या मुलांना वर्गाच्या ओघात शिकणं जड जातं त्यांच्यासोबत काम करत होतो. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

शाळेची व्यवस्था समजून घेतली तरच पुढचं कळेल. शाळा चालवतं गावाचंच शिक्षण मंडळ, पैसा येतो केंद्र सरकारकडून आणि अभ्यासक्रम ऑन्टॅरिओ प्रांताचा. नववीपासून विद्यार्थ्याला विषयागणिक श्रेयांक मिळतात. एका श्रेयांकाच्या विषयासाठी वेळापत्रकात किमान ११० तास असावे लागतात आणि शाळा पूर्ण केल्याच्या पदविकेसाठी ३० श्रेयांक लागतात. ते देण्याचा अधिकार हवा असेल तर अशा शाळा प्रांताच्या शिक्षण खात्याकडून तपासणी करून घेतात. त्यामुळे इथला मुख्याध्यापक नेहमी दोघांना उत्तरदायी असतो: गावाला आणि फाइल तपासणाऱ्या निरीक्षकाला.

आणि मागे इतिहास आहे. हा प्रदेश सरकार आणि इथल्या मूळ रहिवाशांमधल्या नवव्या कराराखाली येतो. १९०५-०६ साली झालेल्या त्या करारात शिक्षकांचे पगार आणि शाळेच्या इमारती देण्याचं वचन आहे. करारासाठी नद्यांवरून फिरलेल्या आयुक्तांपैकी एक होते डंकन कॅम्बेल स्कॉट. हेच गृहस्थ पुढे मूळ रहिवाशांचा कारभार पाहणाऱ्या 'इंडियन' खात्याचे प्रमुख झाले आणि १९२० साली त्यांच्याच कारकिर्दीत ७ ते १५ वर्षांच्या मुलांना हजेरी सक्तीची करणारी दुरुस्ती कायद्यात आली. मुलं घरापासून तोडून निवासी शाळांत नेली गेली. फोर्ट ऑल्बनीची सेंट ॲन्स निवासी शाळा १९७६ मध्ये बंद झाली. तिथे मुलांवर झालेले अत्याचार आज नोंदलेले आहेत. तिथे शिकलेली माणसं आज आजी-आजोबा आहेत आणि अनेक घरांत नातवंडांना तीच वाढवतात. अशा घरात हजेरीबद्दलचं पत्र जातं तेव्हा त्याचा अर्थ पत्र लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

गावाचं वर्ष वसंतातल्या हंसांभोवती फिरतं. एप्रिलच्या उत्तरार्धात दक्षिणेकडून कॅनडा गूज जातीचे हंस येतात, त्यांच्या मागून पांढरे हिमहंस, ज्यांना क्रीमध्ये वेहवेव म्हणतात. कुटुंबंच्या कुटुंबं स्नोमोबाइलला लाकडी घसरगाड्या जोडून कॅम्पवर जातात. दुकानातलं मांस विमानाने येतं आणि त्याच भावाने विकलं जातं, तेव्हा वसंतात फ्रीजर भरला तर उन्हाळा सुसह्य जातो. शाळाही या काळात दोन आठवडे बंद असते. या सुट्टीला सगळे गूज ब्रेक म्हणतात.

अडचण कशी उभी राहिली

गूज ब्रेकच्या तारखा आदल्या उन्हाळ्यातच कॅलेंडरवर छापल्या जात. त्या वर्षी थंडी लांबली. सुट्टी लागली तेव्हा किनाऱ्यावर पुरता बर्फ होता आणि आकाश रिकामं. हंस आले ते सुट्टी संपता संपता. ज्यांचे कॅम्प लांब होते ती कुटुंबं थांबली. त्यात नदीवरचा बर्फ फुटायची वेळ आली. हे दिवस मोठे अडचणीचे असतात: बर्फ स्नोमोबाइल पेलत नाही आणि बोट घालावी तर पाणी मोकळं नाही. हेलिकॉप्टरची सोय असलेले परतले, बाकीचे पाणी मोकळं होईपर्यंत जिथे होते तिथेच राहिले.

आमचा विद्यार्थी नववीतला, पंधरा वर्षांचा. आजीसोबत राहायचा. आजीला क्रीमध्ये कुकुम म्हणतात आणि मीही इथे तेच म्हणणार आहे, कारण गावात त्यांना सगळे तसंच म्हणत. मुलगा मामाच्या कॅम्पवर होता आणि कुकुमही तिथेच. सुट्टीनंतर सलग पंधरा शाळेचे दिवस तो आला नाही. प्रांताच्या सरकारी शाळांच्या धर्तीवर आमच्याकडेही नियम होता की सलग पंधरा दिवस विनापरवानगी गैरहजर राहिलेल्याचं नाव विषयांच्या पटावरून कमी करायचं. हजेरीच्या सॉफ्टवेअरने आपलं काम केलं, पत्र छापलं गेलं, मुख्याध्यापकांनी इतर कागदांसोबत त्यावर सही केली आणि ते टपालपेटीत पडलं. पेट्रोल न्यायला गावात आलेल्या मामाने बाकीच्या टपालासोबत ते कॅम्पवर नेलं.

मे संपत आला तशी सगळी मंडळी परतली. बाकीची मुलं शाळेत आली, हा आला नाही. रोज दुपारी तो दुकानासमोर दिसायचा, पण शाळेकडे वळत नव्हता. वर्गमित्रांकडून कारण कळलं: नाव कमी झालंय ना, मग यायचं कशाला? त्याच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. सत्र संपायला महिनाही उरला नव्हता आणि विज्ञान व गणित असे दोन श्रेयांक टांगणीला लागले होते.

नववीत श्रेयांक हुकला की तो पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात बसवावा लागतो. आमच्यासारख्या लहान शाळेत एकेक विषय वर्षातून एकदाच लागायचा, त्यामुळे एक हुकला की मागोमाग दुसरा मागे पडतो, मुलगा आपल्यापेक्षा लहान मुलांच्या वर्गात बसतो आणि सतराव्या वर्षी शाळा सोडतो. ही घसरण मी तिथे एकापेक्षा जास्त मुलांच्या बाबतीत पाहिली होती. म्हणून मला हे प्रकरण एका पत्रापुरतं वाटलं नाही.

कुणी काय म्हटलं, कोणते पर्याय होते

बैठकीला चौघे होतो. मुख्याध्यापक त्याच वर्षी दक्षिणेकडून आलेले. विज्ञानाच्या बाई तरुण, गावातलं त्यांचं दुसरं वर्ष. क्री भाषा शिकवणाऱ्या बाई गावातल्याच, शाळा बांधली गेली तेव्हापासून तिथे. आणि मी.

पहिला पर्याय नियम पाळण्याचा. मुख्याध्यापकांचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं. नावं कमी झालेल्यांच्या यादीत आणखी दोन मुलगे होते जे कॅम्पवर गेलेच नव्हते. गावात राहून, रात्रभर जागून ते सकाळी झोपत होते. एकाला सूट दिली तर दुसऱ्यांना काय सांगायचं? आणि तपासणीत निरीक्षकाने विचारलं की महिनाभर वर्गात नसलेल्या मुलाला श्रेयांक कशाच्या जोरावर दिला, तर फाइलमध्ये काय दाखवायचं?

दुसरा पर्याय गृहपाठाच्या पाकिटाचा. पूर्वी शाळेने तो करून पाहिला होता. वर्कशीटचे गठ्ठे कॅम्पवर जात आणि ओले, कोरे परत येत. तंबूत दिवसाचा उजेड शिकारीसाठी असतो आणि संध्याकाळी पिसं काढायची असतात. आता तर मुलगा परतलेला होता, तेव्हा पाकीट द्यायचं म्हणजे तीन आठवड्यांचा अभ्यास जूनच्या दोन आठवड्यांत कोंबायचा. जो मुलगा लेखी कामात आधीच मागे होता त्याला आम्ही तिथेच आणखी दाबणार होतो.

तिसरा पर्याय कुणी उघड मांडला नाही, पण तो खोलीत होता: जमेल तसे गुण भरून त्याला पास करून टाकायचं. क्री भाषेच्या बाईंनीच तो उचलून टेबलावर ठेवला आणि कठोरपणे बाजूला सारला. त्यांचं म्हणणं असं की आमच्या मुलांना दयेने पास केलेलं सगळ्या गावाला कळतं, मुलालाही कळतं, आणि टिमिन्सच्या कॉलेजात गेल्यावर त्याची किंमत तो एकटा मोजतो. त्यांची स्वतःची भाची अशीच पास होत गेली होती.

चौथा पर्याय विज्ञानाच्या बाईंनी आणला. नववीच्या विज्ञानात परिसंस्था हा पूर्ण एक घटक आहे: सजीव आणि निर्जीव घटकांचं नातं, एखाद्या जागेची किती प्राण्यांना पोसण्याची क्षमता आहे, माणसाच्या वागण्याचा परिणाम. एप्रिल-मेमध्ये वर्ग नेमका तोच घटक शिकत होता. मुलगा त्याच आठवड्यांत त्या परिसंस्थेत उभा होता. त्याला काय कळलं आहे ते तपासायचं आणि अभ्यासक्रमाच्या अपेक्षांना लावून पाहायचं.

मुख्याध्यापकांची शंका होती ११० तासांची. शिकारीचे तास शिक्षकाने आखलेले नव्हते, मग ते धरायचे कसे? इथे आमची बरीच चर्चा झाली आणि माझ्या मते निर्णयाचा कणा इथेच तयार झाला. आम्ही तास धरायचेच नाहीत असं ठरवलं. विषय ११० तासांचा आखलेला होता आणि तो तसाच शिकवला गेला होता. प्रश्न एवढाच होता की या विद्यार्थ्याने अपेक्षा गाठल्या का. त्यासाठी प्रांताचंच २०१० सालचं मूल्यमापनाचं धोरण हाताशी होतं. ते सांगतं की पुरावा तीन वाटांनी गोळा करावा: निरीक्षण, विद्यार्थ्याशी संवाद आणि त्याने केलेलं काम. शिवाय जबाबदारी, पुढाकार अशा सवयींची नोंद विषयाच्या गुणांपासून वेगळी ठेवावी असंही त्यात आहे. म्हणजे गैरहजेरी प्रगतिपुस्तकावर जिथे लिहायची तिथे लिहा, ती विज्ञानाच्या गुणांतून वसूल करता येत नाही. हे वाचून दाखवल्यावर मुख्याध्यापक थोडे सैलावले. नियमाच्या विरोधात जा असं आम्ही त्यांना सांगत नव्हतो, त्यांच्याच नियमावलीतलं दुसरं पान दाखवत होतो.

गावात राहिलेल्या त्या दोघांचा प्रश्नही यातूनच सुटला. संधी सगळ्यांना सारखी: या आणि काय येतं ते दाखवा. त्यातला एक आला, दुसरा आला नाही.

काय केलं

सगळ्यात आधी घरी कोण जाणार हे ठरवायचं होतं. मुख्याध्यापकांचा विचार कुकुमना ऑफिसात बोलवायचा होता. क्री भाषेच्या बाई म्हणाल्या, बोलवू नका. कुकुम सेंट ॲन्समध्ये शिकलेल्या. शाळेच्या ऑफिसातल्या खुर्चीत त्या बसणार नाहीत आणि बसल्या तरी बोलणार नाहीत. तिथे जायचं, कागद न घेता जायचं आणि विषय आपण काढायचा नाही. म्हणून त्या स्वतः आणि विज्ञानाच्या बाई गेल्या.

चहा झाला. बोलणं बर्फाबद्दल, नदीबद्दल, कुणाच्या बोटीचं इंजिन बिघडलं याबद्दल. मध्ये लांब शांतता. विज्ञानाच्या बाईंना दर वेळी काहीतरी बोलून ती भरून काढावीशी वाटत होती, पण आधी मिळालेली सूचना त्यांनी पाळली. मग कुकुमनी नातवाने मारलेले हंस कोणत्या कोणत्या घरी दिले ते एकेक करून सांगितलं: ती विधवा, ते आजारी म्हातारे, डायलिसिससाठी दक्षिणेला गेलेल्याचं कुटुंब. पत्राचा उल्लेख शेवटी एका वाक्यात आला, की ते वाचून मुलगा दोन दिवस बोलला नव्हता. शाळेत परत पाठवाल का, यावर त्यांचं उत्तर होतं: तो ठरवेल.

मुख्याध्यापकांनी याचा अर्थ नकार असा लावला आणि इथे गाडी पुन्हा अडली असती. तिथे मोठी माणसं पंधरा वर्षांच्या मुलाच्या वतीने शब्द देत नाहीत. त्याच्या निर्णयात हात घालणं हा त्याचा अपमान समजला जातो. आपल्याकडे आजी म्हणाली असती, 'उद्यापासून येईल हो, कान धरून पाठवते', आणि शाळेचं समाधान झालं असतं. क्री भाषेच्या बाईंनी समजावलं की कुकुमनी दार उघडं ठेवलं आहे, आता मुलाला सांगा आणि थांबा. मुख्याध्यापकांनी नाव कमी केल्याचा निर्णय लेखी मागे घेतला. मामेभावाच्या तोंडी तो निरोप मुलापर्यंत गेला. दोन दिवसांनी मुलगा आला, फक्त क्रीच्या तासाला. त्यानंतर विज्ञानालाही.

आता तपासायचं कसं? विज्ञानाच्या बाईंनी तोंडी परीक्षेचे प्रश्न काढले होते. मुलाला समोर बसवून ते विचारले असते तर तो गप्प बसला असता, हे वर्गातल्या अनुभवावरून मला माहीत होतं. या घरांत मूल पाहून शिकतं, मनात तयारी झाली की करून दाखवतं. मोठ्यांनी त्याला समोर उभं करून काय येतं ते विचारायची रीत नाही. म्हणून जागा बदलली. शाळेच्या मागे स्वयंपाकाचा मोठा तंबू होता, जमिनीवर स्प्रूसच्या ताज्या फांद्या अंथरलेल्या, मध्ये चूल. कॅम्पवरून आलेले हंस तिथे साफ करून, दोरीला टांगून, आचेसमोर गोल फिरवत भाजायचे होते. कुकुम आणि मामाला बोलावलं, दोघेही आले. कुकुमनी आधीच सांगितलं की माझा आवाज फोनमध्ये घ्यायचा नाही, लिहून घ्या. ते पाळलं. विज्ञानाच्या बाईंनी वही मांडीवर ठेवली आणि एका हाताने पिसं काढायला घेतली.

पहिला बराच वेळ काही घडलं नाही. मग मुलाने एका कॅनडा गूजचा पेटा, म्हणजे जठराची जाड पिशवी, चिरला आणि हातावर उलटा केला: बारीक वाळू आणि हिरवे कोंब. शेजारचा हिमहंस घेतला, त्याचा पेटा चिरला. त्यात पांढरट, चिवट तुकडे निघाले. ही मुळं, तो म्हणाला. बाईंनी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने तोच पुढे म्हणाला की वेहवेव चिखलात चोच खुपसून गवत मुळासकट उपटतात, कोंब वर यायचीही वाट पाहत नाहीत. ते जिथे उतरतात तिथे दुसऱ्या वर्षी गवत येत नाही, चिखल वाळतो आणि वर पांढरी खार धरते. मामाने दुजोरा दिला आणि अशा दोन जागांची नावं सांगितली.

हे ऐकताना बाईंचा हात थांबला, कारण त्यांना जे शिकवायचं होतं ते हेच होतं. दक्षिणेकडच्या शेतांत सांडलेल्या धान्यावर पोसून हिमहंसांची संख्या गेल्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचंड वाढली. हडसन आणि जेम्स बेच्या किनाऱ्यावरची खारी कुरणं त्यांच्या चोचीखाली उघडी पडली. गवताचं आच्छादन गेलं की बाष्पीभवन वाढतं, खालच्या जुन्या सागरी मातीतलं मीठ वर येतं आणि गवत पुन्हा रुजत नाही. हडसन बेवरच्या चर्चिल गावाजवळच्या ला पेरूज बे इथे शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं याचाच अभ्यास केला आहे. मुलाने कारण आणि परिणामाची तीच साखळी पेट्यापासून सुरू करून सांगितली होती.

मग बोलणं शिकारी लपून बसतात त्या आडोशाकडे वळलं. आजोबांचा जुना आडोसा आता विलोच्या झुडपांत आहे, तिथून भरतीचं पाणी दिसतसुद्धा नाही, असं मुलगा म्हणाला. पाणी मागे गेलं का, असं बाईंनी विचारलं तर म्हणाला, जमीन वर येते. हिमयुगातल्या बर्फाचा भार उतरल्यापासून हा किनारा अजूनही वर येतो आहे, शतकाला साधारण मीटरभर. इतक्या सपाट किनाऱ्यावर तेवढ्याने समुद्र बराच लांब जातो. वारा पडलेल्या दिवशी गोळी का चालवायची नाही, हेही त्याने सांगितलं: आवाज लांब जातो आणि हंस ती जागा सोडून जातात. एखादी जागा काही दिवस मोकळी ठेवायची हे मामा ठरवतो आणि सगळे ऐकतात. संसाधनाच्या शाश्वत वापराबद्दल पुस्तकात एक परिच्छेद होता, इथे त्याची अंमलबजावणी करणारा माणूस समोर बसला होता.

कुकुम सहसा बोलल्या नाहीत. एकदाच त्यांनी सांगितलं की त्यांच्या तरुणपणी वसंतातली शिकार कागदावर गुन्हा होती. ते खरं आहे. कॅनडाच्या वतीने ब्रिटनने १९१६ साली अमेरिकेशी केलेल्या स्थलांतरित पक्ष्यांच्या करारात १० मार्च ते १ सप्टेंबर शिकार बंद होती आणि उत्तरेकडच्या लोकांची जेवणाची वेळ नेमकी त्यात सापडली. ही शिकार मान्य करणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा १९९५ मध्ये झाला, तो अमलात आला १९९९ मध्ये. त्याच वर्षापासून सरकारंही हिमहंस कमी व्हावेत म्हणून काही भागांत वसंतातल्या शिकारीला मुभा देऊ लागली. विज्ञानाच्या बाईंनी हा भाग नंतर वर्गात सगळ्यांसाठी घेतला.

पण हंसांनी सगळं विज्ञान भागत नाही आणि तसा आव आणला नाही याचं मला समाधान आहे. विजेचा घटक मे महिन्यात शिकवला गेला होता, त्याचा शिकारीशी संबंध नव्हता. तो मुलाने जूनमध्ये शाळा सुटल्यावर बाईंसोबत केला: तारा, सेल, दिवे, मोजमाप आणि शेवटी छोटी लेखी चाचणी. बाईंनी तंबूतली टिपणं अभ्यासक्रमाच्या एकेका अपेक्षेसमोर लिहिली, मुलाकडून किनाऱ्याचा नकाशा काढून घेतला, त्यात मिठाच्या जागा आणि जुन्या-नव्या आडोशांच्या खुणा होत्या, आणि ही सगळी फाइल मुख्याध्यापकांच्या सहीसाठी ठेवली.

काय झालं

मुलाला विज्ञानाचा श्रेयांक मिळाला. गुण मध्यम होते आणि तेच योग्य होते: परिसंस्थेत उत्तम, विजेत जेमतेम. पुढच्या तपासणीत त्या फाइलवर आक्षेप आला नाही. गणिताचा श्रेयांक मात्र हुकला आणि तो त्याला पुढच्या वर्षी करावा लागला. तो शाळेत टिकला.

जूनमध्ये मुख्याध्यापक गेले, जसे तिथे बरेच जातात. सप्टेंबरात नवे आले आणि शरद ऋतूतल्या शिकारीच्या वेळी सॉफ्टवेअरने पुन्हा तेच पत्र छापलं. आदल्या वर्षी जे ठरलं ते चौघांच्या डोक्यात होतं, शाळेच्या नियमावलीत नव्हतं. क्री भाषेच्या बाईंनी पत्रं टपालात पडण्याआधी थांबवली आणि प्रकरण शिक्षण मंडळाकडे नेलं. हिवाळ्यात मंडळाने दोन गोष्टी ठरवल्या. कॅम्पवर असलेल्या मुलांना हे पत्र जाणार नाही. आणि गूज ब्रेकची तारीख एप्रिलच्या सुरुवातीला, शिकाऱ्यांशी बोलून नक्की होईल. दुसऱ्या निर्णयावर शिक्षकांची नाराजी होती, कारण दक्षिणेकडचे शिक्षक सुट्टीची विमानाची तिकिटं कित्येक महिने आधी काढतात आणि उशिरा काढलेलं तिकीट फार महाग पडतं. तोडगा असा निघाला की सुट्टी कोणत्या चार आठवड्यांत पडेल तेवढं आधी जाहीर करायचं आणि तिकीट बदलण्याचा खर्च शाळेने काही प्रमाणात उचलायचा.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात जास्त खटकतं ते एका मुलीबद्दल. ती याच वर्गातली. शेजारच्या कॅम्पवर ती तेवढेच आठवडे होती आणि तिचंही नाव त्याच यादीत होतं. बैठकीत आम्ही शिकारीबद्दल बोलत राहिलो आणि तिचा विचार झाला नाही, कारण ती बंदूक घेऊन आडोशात बसत नव्हती. ती पिसं काढत होती, मांस धुरावर वाळवत होती, कोणत्या घरी किती जाईल याचा हिशेब ठेवत होती. शेकडो पक्ष्यांची पोटं तिच्या हाताखालून गेली होती. त्यांत काय होतं हे तिला त्या मुलापेक्षा जास्त माहीत असणार. क्री भाषेच्या बाईंनी हे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लक्षात आणून दिलं. तेव्हा तिला विचारलं, पण तोवर तिने ठरवलं होतं की विषय पुन्हा करेन. ते तिचं ठरवणं होतं आणि आम्ही ते मान्य केलं. अशी यादी हाती आली तर पहिल्याच दिवशी कॅम्पवर कोण कोणतं काम करत होतं हे विचारायला हवं, आणि ते गावातल्या बाईंनी विचारायला हवं.

पत्र हे माध्यमच चुकीचं होतं. गावात रेडिओ आहे, तो घराघरात चालू असतो. लांबच्या कॅम्पशी वायरलेसवर रोज संध्याकाळी बोलणं होतं. हंस उशिरा आलेत हे साऱ्या गावाला माहीत होतं. तेव्हाच रेडिओवरून सांगता आलं असतं की कॅम्पवरच्या मुलांची नावं कमी होणार नाहीत आणि परतल्यावर कुणाला भेटायचं.

कुकुम आणि मामाला मानधन मिळालं नाही. दक्षिणेतून येणाऱ्या पाहुण्या वक्त्यांसाठी शाळेच्या अंदाजपत्रकात तरतूद होती, तंबूत तीन दुपारी बसलेल्या गावातल्या जाणकारांसाठी नव्हती. त्यांना चहा आणि आभार मिळाले. ज्यांच्या ज्ञानावर आम्ही श्रेयांक दिला त्यांचं काम शाळेने फुकट घेतलं, आणि हे मंडळाच्या पुढच्या वर्षीच्या निर्णयातही राहून गेलं.

गणिताला कुणी हातच घातला नाही. गणिताचे शिक्षक बैठकीत नव्हते. विज्ञानासाठी जे केलं तसं तिथे सरसकट जमलं नसतं हे मी मान्य करतो, बीजगणित कॅम्पवर आपोआप येत नाही. पण वाव होता. मामाच्या घसरगाडीवर किती पेट्रोल, किती अंतराला किती जळतं, ओल्या बर्फात त्यात किती भर पडते, याचा हिशेब मुलगा करत होता आणि तो चुकला तर वाटेत अडकायचं असतं. सरळ रेषेतल्या संबंधांचा घटक तिथून सुरू करता आला असता. काही हंसांच्या पायात संशोधकांनी घातलेली नंबरची कडी सापडतात. ती मामाने एका दोरीत ओवून ठेवली होती, काही फार जुनी. नंबर कळवला की पक्ष्याला कडं कुठे आणि कधी घातलं ते उत्तर येतं. त्या नोंदींतून अंतर, वर्षं, सरासरी असं पुष्कळ काम निघालं असतं. पुढच्या वसंतासाठी गणिताच्या शिक्षकांनी त्या नंबरांची यादी मागून घेतली होती, आणि ती कोणत्या घटकाला लावायची हे गूज ब्रेकच्या आधी ठरवायचं होतं.